चिन्ह फर्स्ट अँगलचं, व्ह्यू थर्ड अँगलचे: बडोद्यातल्या एका डिझाइन ऑफिसने टेम्प्लेट्स कशी बसवली

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं हे एक मध्यम फॅब्रिकेशन युनिट. पंप स्किड (पंप बसवायची लोखंडी चौकट), टाक्या, छोटे हीट एक्स्चेंजर आणि त्यांच्याखालची स्ट्रक्चरल कामं. डिझाइन ऑफिसात सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरच्या ६ सीट, म्हणजे ६ परवाने. ऑफिसात मराठी आणि गुजराती दोन्ही चालतं, शॉपवर हिंदी, आणि ड्रॉइंगवरच्या सूचना मात्र इंग्रजीत. म्हणून शॉपवरचा फिटर सूचना शेवटी वाचतो. आधी तो चित्र बघतो, माप बघतो आणि कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं, म्हणजे वस्तूच्या कुठल्या बाजूचं चित्र (व्ह्यू) कुठे मांडलंय ते सांगणारं, चिन्ह बघतो. पुढे जे घडलं ते समजायला ही सवय लक्षात ठेवावी लागेल.

ऑफिसात टेम्प्लेट, म्हणजे नवी फाइल जिच्यावरून निघते ती सेटिंग्ज भरलेली कोरी फाइल, म्हणावं असं काही नव्हतं. नवं काम आलं की मागच्या तशाच कामाचं ड्रॉइंग उघडायचं, ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं आणि मजकूर बदलायचा. पार्टचंही तेच. ही पद्धत वाईट हेतूने कुणी आणत नाही. डिलिव्हरीच्या घाईत ती आपोआप रुजते. पण अशा प्रत्येक नकलेबरोबर जुन्या कामाचं काहीतरी येतं: कस्टम प्रॉपर्टीत (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) राहिलेलं जुन्या पार्टीचं नाव, पहिल्याच इश्यूवर छापलेलं ‘रिव्हिजन २’, कुणीतरी एका कामापुरती बदललेली दशांश स्थळं.

अडचण

एका पंप स्किडचा बेस फ्रेम तयार झाला तेव्हा अर्थिंगचे दोन बॉस आणि ड्रेनचं कपलिंग फ्रेमच्या चुकीच्या टोकाला वेल्ड झालेलं निघालं. कापणं, ग्राइंडिंग, पुन्हा वेल्डिंग आणि टचअप पेंट यात दोन दिवस गेले. आधी बोट फिटरकडे गेलं. फिटरने ड्रॉइंग पुढे केलं. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, फर्स्ट अँगलचं चिन्ह होतं. फर्स्ट अँगलमध्ये समोरच्या व्ह्यूच्या उजवीकडे काढलेला व्ह्यू म्हणजे वस्तूची डावी बाजू. त्याने ती डावी बाजू धरून काम केलं होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

ऑफिसातले ज्येष्ठ ड्राफ्ट्समन कलाभवनात ड्रॉइंग बोर्डावर शिकलेले. १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी सुरू केलेल्या त्या संस्थेला बडोदेकर आजही कलाभवनच म्हणतात. नव्या मुलाने त्यांना सांगितलं, “काका, चिन्ह तर बरोबर आहे.” त्यांनी शीटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि म्हणाले, “चिन्ह बरोबर आहे रे, पण व्ह्यू कशाने टाकलेत ते बघ.” ‘टाइप ऑफ प्रोजेक्शन’समोर थर्ड अँगल निवडलेला होता. त्यात उलट असतं: उजवीकडचा व्ह्यू म्हणजे वस्तूची उजवीच बाजू.

हे कसं झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सॉलिडवर्क्समध्ये प्रोजेक्शनचा प्रकार शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये असतो. टायटल ब्लॉकमधलं चिन्ह शीट फॉरमॅटमध्ये, म्हणजे बॉर्डर आणि टायटल ब्लॉकच्या साच्यात, रेषांनी काढलेलं असतं. म्हणजे ते एक चित्र आहे, शीटच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही. या मुलाने थर्ड अँगलवर बेतलेल्या एका परदेशी कामाचं ड्रॉइंग ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं आणि शीट प्रॉपर्टीजमधून कंपनीचा शीट फॉरमॅट लावला. बॉर्डर बदलली, नाव बदललं, चिन्हही बदललं. प्रोजेक्शन मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा व्ह्यू, त्याच शीटवर असता तर तो वर आलाय की खाली यावरून जाणत्याला शंका आली असती. पण प्लॅन दुसऱ्या शीटवर एकटा होता.

मग बाकीची ड्रॉइंग्जही चाळली गेली. वजनात घोळ सापडला. १००० × १००० × १० मिमीची माइल्ड स्टीलची प्लेट ७८.५ किलोची असते. बीओएममध्ये (लागणाऱ्या मालाच्या यादीत) ती १० किलो दिसत होती. कारण साधं आहे. पार्टला मटेरियल दिलं नसेल तर सॉफ्टवेअर मुळातली घनता धरतं, ती १००० किलो प्रति घनमीटर, म्हणजे पाण्याची. स्टीलची ७८५०. फॅब्रिकेशनची मजुरी किलोवर ठरते, क्रेन आणि ट्रकही वजनावर ठरतात, तेव्हा ही चूक थेट कोटेशनमध्ये जाते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय: पद्धत तीच ठेवायची आणि चेकलिस्ट लावायची. तो लवकर बाद झाला, कारण प्रोजेक्शन आणि घनता या दोन्ही गोष्टी छापील कागदावर दिसत नाहीत आणि चेकर कागद तपासतो. दुसरा: फाइलींच्या व्यवस्थापनाचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं. त्याने रिव्हिजनचा प्रश्न सुटला असता, पण चुकीच्या टेम्प्लेटवरून निघालेली फाइल तिथेही चुकीचीच राहिली असती. तिसरा: एकच कंपनी टेम्प्लेट. चौथा: कामाच्या प्रकारानुसार मोजकी टेम्प्लेट्स.

चौथा निवडला. पण खरा विचार पुढच्या प्रश्नांवर झाला.

निर्णयाचे मुद्दे

*मटेरियल टेम्प्लेटमध्ये भरायचं की नाही?* पार्टला मटेरियल लावून तो टेम्प्लेट म्हणून सेव्ह केला तर त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक पार्टला ते मटेरियल मिळतं. बहुतेक काम आयएस २०६२च्या माइल्ड स्टीलचं, म्हणून तेच सरसकट भरावं असं एक मत होतं. त्यावर काकांचा आक्षेप असा: स्टेनलेसचा पार्ट चुकून त्याच टेम्प्लेटवर बनला तर वजन जवळपास बरोबर येईल, कारण ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसची घनताही ८००० किलो प्रति घनमीटरच्या आसपासच आहे. वजन बरोबर दिसल्याने कुणाला शंका येणार नाही आणि बीओएमवर मात्र माइल्ड स्टील जाईल. मटेरियल दिलंच नसेल तर त्या जागी ‘मटेरियल नॉट स्पेसिफाइड’ असं छापून येतं आणि ते चेकरच्या नजरेत भरतं. म्हणून ठरलं की माइल्ड स्टील, स्टेनलेस आणि विकत घेतलेल्या वस्तू यांची तीन वेगळी पार्ट टेम्प्लेट्स असतील, आणि चौथं ‘जनरल’, मुद्दाम मटेरियल न दिलेलं.

*दशांश स्थळं किती?* फॅब्रिकेशनमध्ये पूर्ण मिलिमीटर पुरतो, म्हणून शून्य दशांश ठेवायची सूचना आली. ती नाकारली गेली, आणि ते योग्यच झालं. शून्य दशांश ठेवले की २२.६ मिमीचा स्लॉट ड्रॉइंगवर २३ दिसतो. मॉडेल खरं, कागद खोटा. त्याऐवजी दोन दशांश आणि शेवटची शून्यं काढून टाकायची सेटिंग ठेवली. १२० हे १२०च दिसतं आणि २२.६ लपत नाही. मॉडेलमध्ये चुकून ११९.९७ झालं असेल तर तेही उघडं पडतं.

*युनिट्स.* एमएमजीएस (मिलिमीटर, ग्रॅम, सेकंद) निवडलं की वजन ग्रॅममध्ये येतं. स्किडचं वजन ग्रॅममध्ये छापणं निरुपयोगी. कस्टम निवडून लांबी मिमी आणि वस्तुमान किलोग्रॅम ठेवलं.

*प्रीडिफाइन्ड, म्हणजे टेम्प्लेटमध्ये आधीच मांडलेले, व्ह्यू ठेवायचे का?* नाही. टाकी आणि फ्रेम यांची मांडणी एका साच्यात बसत नाही.

काय केलं

सुरुवात एका गोष्टीच्या स्पष्टतेपासून झाली. ऑप्शन्सच्या खिडकीत दोन टॅब असतात. सिस्टिम ऑप्शन्स त्या संगणकापुरते असतात आणि डॉक्युमेंट प्रॉपर्टीज फाइलबरोबर जातात. टेम्प्लेटमध्ये फक्त दुसऱ्या टॅबमधलं साठतं. ऑफिसात एक-दोघांनी पूर्वी ‘टेम्प्लेट बनवलं होतं, चाललं नाही’ असं सांगितलं, ते याच गोंधळामुळे.

पार्टसाठी: रिकामा पार्ट उघडून युनिट्स, ड्राफ्टिंग स्टँडर्ड आयएसओवर आधारित, अक्षरांची उंची ३.५ मिमी. मग फाइल प्रॉपर्टीजमध्ये डिस्क्रिप्शन, मटेरियल, वजन, ड्रॉइंग नंबर, जॉब नंबर. मटेरियल आणि वजनाची किंमत हाताने टाइप केली नाही. यादीतून ‘मटेरियल’ आणि ‘मास’ निवडले, म्हणजे ते मॉडेलशी जोडलेले राहतात. जॉब नंबर रिकामा ठेवला. नमुना म्हणून एखादा नंबर टाकला की तो कधी ना कधी छापून जातोच. शेवटी फाइलचा प्रकार बदलून पार्ट टेम्प्लेट, म्हणजे पीआरटीडॉट, म्हणून सेव्ह. असेंब्लीचं एएसएमडॉट, ड्रॉइंगचं डीआरडब्ल्यूडॉट. टेम्प्लेटचा प्रकार निवडताच सेव्हची खिडकी आपणहून टेम्प्लेटच्या फोल्डरकडे उडी मारते. ते फोल्डर कुठलं हे न बघता सेव्ह केल्यामुळे पहिली दोन टेम्प्लेट्स सर्व्हरऐवजी एकाच संगणकावर राहिली होती.

ड्रॉइंगसाठी ए३, ए२ आणि ए१ अशी तीन टेम्प्लेट्स. बॉर्डर आयएस १०७११प्रमाणे: ए३ आणि ए२ला १० मिमी, ए१ला २० मिमी, आणि डावीकडे फायलिंगसाठी २० मिमी. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेप्रमाणे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन. ते आधी शीट प्रॉपर्टीजमध्ये बसवलं आणि त्यानंतरच चिन्ह काढलं.

सर्वात जास्त वेळ टायटल ब्लॉकच्या लिंकमध्ये गेला. जुन्या फॉरमॅटमध्ये मटेरियलची नोट डॉलर-पीआरपीने जोडलेली होती. डॉलर-पीआरपी ड्रॉइंगच्या स्वतःच्या प्रॉपर्टीज वाचतं. मटेरियल तर मॉडेलमध्ये असतं. म्हणून तो रकाना कायम रिकामा यायचा आणि लोक त्यावर हाताने टाइप करायचे. एकदा टाइप केलं की लिंक तुटते आणि पुढच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये तोच मजकूर जातो. मॉडेलचं वाचण्यासाठी डॉलर-पीआरपीशीट लागतं. तेव्हा मटेरियल, वजन, डिस्क्रिप्शन हे पीआरपीशीटने जोडलं. ड्रॉन बाय, चेक्ड बाय आणि तारीख पीआरपीने, कारण ती माहिती ड्रॉइंगची आहे.

इथे तीन खाचा आढळल्या. एक, प्रॉपर्टीचं नाव दोन्हीकडे तेच हवं. मॉडेलमध्ये ‘डिस्क’ आणि नोटमध्ये ‘डिस्क्रिप्शन’ असेल तर रकाना नुसता कोरा येतो. व्ह्यू मेनूतल्या हाइड-शोमध्ये ‘अ‍ॅनोटेशन लिंक एरर्स’ चालू केलं की कोऱ्या जागी एरर दिसते. हे सगळ्या संगणकांवर चालू ठेवायचं ठरलं. दोन, मॉडेलमध्ये कस्टम आणि कॉन्फिगरेशन (एकाच पार्टच्या वेगवेगळ्या रूपांसाठीचा) असे दोन टॅब असतात आणि एकाच नावाची प्रॉपर्टी दोन्हीकडे असेल तर कॉन्फिगरेशनची चालते. जुन्या पार्टमध्ये तिथे शिळा मजकूर पडलेला सापडला. तीन, एका शीटवर असेंब्ली आणि पार्ट दोन्हीचे व्ह्यू असतील तर शीट पहिल्या टाकलेल्या व्ह्यूच्या मॉडेलचं वाचतं. ते बदलायचं असेल तर शीट प्रॉपर्टीजमध्ये व्ह्यू निवडून द्यावा लागतो.

ठेवायच्या जागेबद्दल मतभेद होते. सर्व्हरवर एकच फोल्डर ठेवून सगळ्यांचं ‘फाइल लोकेशन्स, डॉक्युमेंट टेम्प्लेट्स’ तिकडे वळवणं सोपं. पण सर्व्हर बंद पडला की मुळातलं टेम्प्लेट सापडत नाही आणि सॉफ्टवेअर स्वतःचं कोरं टेम्प्लेट वापरायचं का असं विचारतं. घाईत माणूस ‘ओके’ करतो आणि तीच जुनी चूक परत सुरू. म्हणून मूळ प्रत सर्व्हरवर, फक्त वाचण्याच्या परवानगीने, आणि लिहिण्याची परवानगी एकाच माणसाला. लॉगइन होताना छोट्या बॅच फाइलने ती प्रत्येक संगणकावरच्या एकाच नावाच्या फोल्डरमध्ये उतरते, आणि सॉलिडवर्क्स तिथे बघतं. जुनी ठिकाणं यादीतून काढून टाकली. एका संगणकावर बसवलेले सिस्टिम ऑप्शन्स कॉपी सेटिंग्ज विझर्डने बाकीच्या पाचांवर नेले.

आणखी एक काळजी: सगळी टेम्प्लेट्स ऑफिसातल्या सर्वात जुन्या आवृत्तीच्या सीटवर बनवली. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं टेम्प्लेट जुनी सीट उघडू शकत नाही.

जुन्या फाइलींचं काय? टेम्प्लेट बदलल्याने आधीच्या फाइलींना काहीही होत नाही. टेम्प्लेट फक्त जन्माच्या वेळी लागतं. सगळी जुनी ड्रॉइंग्ज बदलायचा मोह टाळला. ज्याची रिव्हिजन निघेल तेवढंच नव्या फॉरमॅटवर आणायचं, आणि शॉपवर चालू असलेल्या कामांची ड्रॉइंग्ज मात्र एकेक उघडून प्रोजेक्शन तपासायचं, असं ठरलं. अशा तपासणीत आणखी दोन ड्रॉइंग्ज सापडली. दोन्हींचं कटिंग अजून सुरू झालेलं नव्हतं.

परिणाम

प्रोजेक्शनची चूक पुन्हा झाली नाही. बीओएममधलं वजन आणि काट्यावरचं वजन यांचा मेळ बसू लागला. उरलेला फरक वेल्ड आणि पेंटचा. नवी मुलं पहिल्याच दिवशी नीट ड्रॉइंग काढू लागली.

पण दोन गोष्टी नव्याने बिघडल्या.

पहिली: माइल्ड स्टीलचं पार्ट टेम्प्लेट ‘डिफॉल्ट टेम्प्लेट्स’मध्ये लावलं होतं, कारण तेच सर्वात जास्त लागतं. मोटर पुरवणाऱ्याकडून आलेली स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येणारं मॉडेल) आयात केली तेव्हा सॉफ्टवेअरने तेच डिफॉल्ट घेतलं. सेटिंग मुळातलंच असेल तर आयात करताना किंवा मिरर पार्ट बनवताना ते टेम्प्लेट विचारून घेत नाही. मोटरचं मॉडेल आतून भरीव होतं. त्याला स्टीलची घनता मिळाली आणि मोटरचं वजन तिच्या नेमप्लेटवरच्या वजनाच्या कितीतरी पट झालं. लिफ्टिंग लगचं (स्किड उचलायच्या कडीचं) गणित करताना ते लक्षात आलं. तेव्हा डिफॉल्टला ‘जनरल’ टेम्प्लेट लावलं आणि नियम केला: विकत घेतलेल्या वस्तूचं वजन मास प्रॉपर्टीजमध्ये ‘ओव्हरराइड’ करून कॅटलॉगमधलं टाकायचं.

दुसरी: कंपनीचा फोन नंबर बदलला. तो ड्रॉइंग टेम्प्लेटमध्ये ‘एडिट शीट फॉरमॅट’मध्ये जाऊन दुरुस्त केला. काही दिवसांनी कळलं की पहिल्या शीटवर नवा नंबर आणि दुसऱ्या शीटवर जुना. टेम्प्लेटच्या आत शीट फॉरमॅटची स्वतःची प्रत असते. नवं शीट जोडलं की ते एसएलडीडीआरटी या वेगळ्या फाइलमधून येतं. दोन्ही जागी बदल करावा लागतो: टेम्प्लेट सेव्ह करायचं आणि ‘सेव्ह शीट फॉरमॅट’ही करायचं. हे आता टेम्प्लेट सांभाळणाऱ्याच्या टेबलावर कागदावर लिहून चिकटवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डिफॉल्टचा प्रश्न आधी विचारायला हवा होता. ‘मटेरियल भरायचं की नाही’ यावर दोन दिवस चर्चा झाली, पण माणूस टेम्प्लेट निवडत नाही तेव्हा काय होतं हे कुणी विचारलं नाही. निवड न करता मिळणारं टेम्प्लेट रिकामंच हवं, हे मटेरियलच्या निर्णयातूनच निघत होतं.

शॉपवरच्या लोकांना टायटल ब्लॉक ठरवताना बोलवायला हवं होतं. फिटरने नंतर सुचवलं की चिन्हाशेजारी ‘फर्स्ट अँगल’ हे शब्दांतही मोठं लिहावं आणि बाजूच्या व्ह्यूखाली ‘व्ह्यू फ्रॉम लेफ्ट’ अशी नोट द्यावी. स्किडच्या ड्रॉइंगवर ती नोट आता असते. आधी विचारलं असतं तर शीट फॉरमॅट दोनदा करावा लागला नसता.

आणि चाचणी उशिरा सुरू झाली. आता टेम्प्लेटमध्ये कुठलाही बदल झाला की तो सर्व्हरवर जाण्याआधी एक ठरलेला पार्ट बनवला जातो: ३०० मिमी लांबीचा ५० × ५० × ६चा अँगल, फक्त डाव्या टोकाला १८ मिमीचं एक भोक, उजव्या टोकाला काही नाही. त्याचं दोन शीटचं ड्रॉइंग काढायचं. समोरच्या व्ह्यूच्या उजवीकडच्या व्ह्यूत भोकाचं टोक आपल्याकडे असायला हवं, प्लॅन खाली यायला हवा, वजन सुमारे १.३ किलो दिसायला हवं, आणि दोन्ही शीटवरचा फोन नंबर एकच असायला हवा. हे सगळं करून प्रिंट काढायला पाव तासही लागत नाही. ती प्रिंट तारीख आणि सहीसकट फाइलला लागते.